हॉटेल-हॉस्पिटलचा पाइप गॅस नेमका जातो कुठे? गॅस ऑडिट स्वतः कसं करायचं

मुंबईत महानगर गॅस आणि पुण्यात एमएनजीएलची (महाराष्ट्र नॅचरल गॅस) लाइन आल्यापासून कितीतरी हॉटेलं, हॉस्पिटलं, हॉस्टेलच्या मेस, केटरिंगची किचन्स सिलेंडरवरून पीएनजीवर, म्हणजे पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर, आली. सोय झाली यात वादच नाही. पण सिलेंडर होते तेव्हा स्टोअरवाल्याला रोज किती १९ किलोचे लागले ते तोंडपाठ असायचं, रिकामे समोर उभे दिसायचे, एक जरी जास्त लागला तरी तो किचनमध्ये जाऊन विचारायचा. पाइप आल्यावर हे सगळं बंद झालं. महिन्याला किंवा पंधरवड्याला बिल येतं, अकाउंट्सवाले भरतात, विषय संपला. विजेचं ऑडिट करणारे भरपूर भेटतात, एलईडी, चिलर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) सगळं तपासलं जातं, आणि गॅस मात्र "तो किचनचा खर्च आहे" म्हणून रिपोर्टमध्ये एका ओळीत गुंडाळतात. ज्या हॉटेलात गरम पाणी, लाँड्री आणि किचन तिन्ही गॅसवर चालतं तिथे हे अजिबात परवडणारं नाही.

म्हणून हे लिहितोय. इंजिनिअरिंग विभागातला एक माणूस, किचनमधला एक माणूस आणि एक वही एवढ्यावर यातलं निम्मं काम होतं. मशिन लागतं ते पुढे बॉयलरपाशी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. गॅस ऑडिट म्हटलं की लोक लगेच नवीन बर्नर, नवीन बॉयलर यांची कोटेशनं मागवतात. तसं करू नका. आधी हे शोधा की कोणी जेवत नाही, कोणी आंघोळ करत नाही, तेव्हा किती गॅस जळतोय. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्तात होणारी बचत बहुतेक वेळा तिथेच असते, आणि ती कोणी विकायला येत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नसतं.

आधी बिल नीट वाचा

किमान बारा महिन्यांची बिलं काढा. बघायच्या गोष्टी: वापर कुठल्या युनिटमध्ये दिलाय, एससीएम (गॅसचं आकारमान) की एमएमबीटीयू (गॅसमधली ऊर्जा), कॅलरी व्हॅल्यू (एका एससीएममधली ऊर्जा) किती धरली आहे, मीटरच्या रीडिंगला कुठला करेक्शन फॅक्टर लावलाय का, आणि करारात किमान उचलीची अट (ठरलेला किमान गॅस वापरला नाही तरी त्याचे पैसे द्यायची) आहे का.

एससीएम म्हणजे १५ अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजलेला एक घनमीटर गॅस. त्यात साधारण ९,००० ते ९,५०० किलोकॅलरी ऊर्जा असते, ही ग्रॉस व्हॅल्यू झाली, म्हणजे धुरातल्या पाण्याच्या वाफेतली उष्णताही धरून. मी खाली सगळीकडे ९,४०० धरतोय, तुम्ही तुमच्या बिलावरचा आकडा धरा. सिलेंडरशी तुलना करायची असेल तर एक १९ किलोचा सिलेंडर म्हणजे ढोबळ २४ एससीएम. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, किचनमधल्या लोकांना एससीएम कळत नाही पण "काल रात्री एक सिलेंडर फुकट गेला" हे लगेच कळतं.

आता करेक्शन फॅक्टर, म्हणजे मीटरचं रीडिंग एससीएममध्ये आणायला ज्याने गुणायचं तो आकडा. याकडे कोणी बघत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. साधा डायफ्राम मीटर फक्त आकारमान मोजतो, गॅस गरम आहे का थंड, दाब किती, हे त्याला कळत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब सुमारे ९४८ मिलिबार. गॅस मीटरला २१ मिलिबारने येतोय आणि मीटररूममध्ये ३० अंश आहे असं धरलं तर गणित असं: ९४८ अधिक २१, भागिले १,०१३ (समुद्रसपाटीचा दाब), गुणिले २८८ भागिले ३०३ (१५ आणि ३० अंशांत २७३ मिळवून). उत्तर येतं ०.९१. म्हणजे मीटरवर १०० घनमीटर फिरले तर स्टँडर्ड हिशोबाने गॅस ९१ एससीएम गेला. मुंबईत तेच गणित ०.९७ येतं. आणि पुण्यातच मीटरच्या जागी दाब १०० मिलिबार असेल तर ०.९८ येतं. मोठ्या कनेक्शनला इलेक्ट्रॉनिक करेक्टर बसवलेला असतो, तो हे आपोआप करतो. तुमच्याकडे नसेल तर बिलात हे कसं धरलंय ते गॅस कंपनीला लेखी विचारा, सरळ उत्तर मिळतं, आणि तुमच्या ऑडिटचे सगळे आकडे त्याच हिशोबाने ठेवा. नाहीतर बॉयलरची एफिशियन्सी काढताना सुरुवातीलाच नऊ टक्के चूक होईल आणि तुम्ही बॉयलरवाल्याशी भांडत बसाल.

किमान उचलीचं यासाठी म्हटलं की ऑडिटनंतर वापर त्या मर्यादेखाली गेला तर वाचवलेल्या गॅसचेही पैसे द्यावे लागू शकतात. अट असेल तर बचतीचं काम सुरू करायच्या आधीच करार बदलून घ्यायचं बोलणं सुरू करा.

अजून एक, नैसर्गिक गॅस जीएसटीत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, महाराष्ट्राने तो १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्के केला. त्याचं जीएसटीसारखं इनपुट क्रेडिट धरू नका, वाचलेला गॅस टॅक्ससकट पूर्ण रुपयांत मोजा.

रोजचं रीडिंग, आणि त्यातून काय काढायचं

महिनाभर रोज ठरलेल्या एकाच वेळी मीटर वाचा. सकाळी सहाला तर सहालाच. शक्यतो फोटो काढा, वहीत लिहिताना आकडे उलटसुलट होतात. शेजारी तीन रकाने ठेवा: त्या दिवशी किती प्लेट गेल्या, किती खोल्या भरल्या होत्या, लाँड्री किती किलो झाली. हॉस्पिटल असेल तर प्लेटऐवजी पेशंट आणि स्टाफ मिळून जेवणं, आणि खोल्यांऐवजी भरलेले बेड. बँक्वेटमध्ये लग्न वगैरे असेल तर तो दिवस वेगळा खूण करून ठेवा. स्टँडबाय म्हणून सिलेंडर वापरत असाल तर तेही याच वहीत, नाहीतर हिशोब जुळणार नाही.

महिना झाला की ग्राफ काढा, आडवं प्लेट, उभं गॅस. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाकली की झालं. कॉम्प्युटर नको असेल तर हातानेही येतं. समजा खोल्या साधारण सारख्याच भरलेल्या दोन दिवसांत एका दिवशी ३०० प्लेट आणि २१० एससीएम, दुसऱ्या दिवशी ९०० प्लेट आणि ३३० एससीएम. म्हणजे ६०० प्लेट वाढल्या तेव्हा गॅस १२० ने वाढला, एका प्लेटला ०.२ एससीएम. मग ३०० प्लेटना लागायला हवा ६०. पण गेला २१०. उरलेला १५० एससीएम प्लेटशी संबंध नसलेला गॅस आहे. दर ६० रुपये धरला (तुमचा बिलावरचा घाला) तर रोजचे ९,००० रुपये, महिन्याला २ लाख ७० हजार.

हे १५० सगळे वाया जातात असं नाही हं. त्यात खोल्यांचं गरम पाणी आहे, लाँड्री आहे. पण हा जो ग्राफ शून्य प्लेटला जिथे उभ्या रेषेला भेटतो तो आकडा म्हणजे तुमच्या ऑडिटचं खरं गिऱ्हाईक. तो किती आहे, त्यात काय काय आहे, आणि त्यातलं काय बंद करता येतं एवढंच शोधायचंय.

ग्राफवर ठिपके रेषेच्या आसपास असतील तर चांगलं. कुठेही कसेही विखुरले असतील तर त्याचाही अर्थ असतो, गॅस किती जाणार हे कामावर ठरत नसून कोण शिफ्टला आहे त्यावर ठरतंय. अशा वेळी शिफ्टनुसार रंग देऊन बघा.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत टाकीतलं पाणी उन्हाळ्यापेक्षा बरंच गार असतं, त्यामुळे तेवढ्याच खोल्यांना गरम पाण्याचा गॅस जास्त लागतो. हिवाळ्याची उन्हाळ्याशी तुलना करून "गॅस वाढला" असं म्हणू नका. टाकीच्या पाण्याचं तापमानही आठवड्यातून एकदा लिहीत जा, साधा थर्मामीटर पुरतो.

रात्रीचं रीडिंग

हे सगळ्यात महत्त्वाचं. शेवटची ऑर्डर गेली, किचन धुतलं, आणि सकाळी इडली-पोह्यांची शिफ्ट यायच्या आधीचे तीन-चार तास असतात, त्यात मीटर वाचा. एक वाजता एकदा, चार वाजता एकदा. मधे काहीच चालू नसेल तर फरक शून्याजवळ यायला हवा. येत नाही. समजा १२ एससीएमचा फरक आला, म्हणजे तासाला चार, म्हणजे कोणी नसताना तीन तासांत अर्धा सिलेंडर.

आता मीटरपाशी एक माणूस उभा करा आणि दुसऱ्याने किचनमध्ये जाऊन एकेक गोष्ट बंद करत जायचं. आधी चायनीज रेंजचे (मोठ्या शेगडीचे) पायलट, म्हणजे सतत पेटत्या छोट्या ज्योती, मग तंदूर, मग डोशाचा तवा, मग बेनमेरी (जेवण गरम ठेवायचा गरम पाण्याचा ट्रे), मग लाँड्री, शेवटी बॉयलर. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं थांबा आणि किती कमी झालं ते लिहा. डायफ्राम मीटरवर शेवटचे लाल आकडे दशांशाचे असतात, पायलटसारखी छोटी गोष्ट तिथेच दिसते. मोठा मीटर असेल तर फार कमी प्रवाह त्याला नीट मोजता येत नाही हे लक्षात ठेवा, मीटरवर किमान प्रवाह लिहिलेला असतो.

हे करताना एक नियम पाळायचाच. मेन व्हॉल्व्ह बंद करून परत उघडायचा नाही. तसं केलं की सगळे पायलट विझतात, आणि ज्या बर्नरला फ्लेम फेल्युअर (ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय) नाही तिथून न जळलेला गॅस यायला लागतो. प्रत्येक उपकरण त्याच्या स्वतःच्या कॉकला बंद करायचं आणि परत पेटवताना हातात लायटर घेऊन समोर उभं राहायचं. हॉस्पिटलमध्ये बॉयलरला हात लावायच्या आधी सीएसएसडीला (उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाला) विचारा, ऑटोक्लेव्ह (त्यांचं निर्जंतुकीकरणाचं मशिन) स्टीमवर असेल तर मधेच वाफ गेली की अख्खा लोड परत करावा लागतो.

सगळं बंद केल्यावरही मीटर फिरत असेल तर गळती आहे, ऑडिट तिथेच थांबवा. साबणाचं पाणी जॉइंटवर लावून बुडबुडे बघा, काडी पेटवून कधीच बघायचं नाही, खिडक्या-दारं उघडा, लाइटचं बटण दाबू नका आणि गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला फोन करा. मीटरच्या आधीची लाइन, रेग्युलेटर, सील यांना आपण हात लावायचा नाही, तो त्यांचा भाग. याच निमित्ताने गॅस डिटेक्टर कुठे बसवलेत ते बघून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो म्हणून डिटेक्टर जमिनीजवळ लावतात, नैसर्गिक गॅस हलका असतो, वर जातो, त्याला डिटेक्टर छताजवळ लागतो. सिलेंडरवरून पाइपवर आलेल्या बऱ्याच किचनमध्ये डिटेक्टर अजून खालीच राहिलेत. हे पैशाचं नाही, जिवाचं काम आहे, रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर लिहा.

पायलट रात्रभर चालू का असतात हे किचनमध्ये जाऊन विचारलं तर बहुतेक एकच उत्तर मिळतं.

"साहेब, सकाळी पेटवायला लायटर कुठे असतो? पाच जणांत एक, तो पण स्टोअरच्या कुलपात."

माणूस बरोबर बोलतोय. त्याला सकाळी साडेपाचला चहा लावायचाय, तो लायटर शोधत बसणार नाही. तर प्रत्येक रेंजला साखळीने बांधलेला लायटर द्या, बंद करायची जबाबदारी रात्रीच्या शेवटच्या माणसावर नावाने टाका, आणि सिक्युरिटीच्या राउंडमध्ये "किचन गॅस कॉक बंद" असा एक रकाना वाढवा. एवढ्याने पायलटचा गॅस बंद होतो. काका-दादा म्हणून समजावून सांगितलं की लोक करतात, नोटीस चिकटवून करत नाहीत.

गरम पाणी

रात्रीच्या गॅसमधला मोठा भाग बहुतेक वेळा बॉयलरचा किंवा हॉट वॉटर जनरेटरचा असतो. कोणी पाणी वापरत नसलं तरी पंप रिंगमधून (इमारतभर फिरून परत येणाऱ्या पाइपातून) चोवीस तास पाणी फिरवतो, उघडे पाइप आणि व्हॉल्व्ह गार होत राहतात, आणि बर्नर दर थोड्या वेळाने पेटून ते परत गरम करतो. बर्नर तासाला किती वेळा पेटतो आणि किती मिनिटं चालतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचने लिहून घ्या.

गणित सोपं आहे. एक हजार लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ३५,००० किलोकॅलरी लागतात. गॅसच्या ९,४०० पैकी ८० टक्के पाण्यात उतरले तर एका एससीएमचे कामाला येतात साधारण ७,५००. म्हणजे हजार लिटरला ४.७ एससीएम. गरम पाण्याच्या लाइनला पाण्याचा मीटर बसवा, फार खर्च नाही. दिवसाला दहा हजार लिटर गरम पाणी गेलं तर ४७ एससीएम हवेत, आणि प्रत्यक्षात ९० जात असतील तर उरलेले ४३ पाइपातून आणि चिमणीतून गेले.

पाइपवर हात फिरवून बघा, जपून. हात ठेवता येत नाही इतकं गरम जे काही आहे, व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइपाचा जोड), कॅलॉरिफायरचं (पाणी तापवायच्या टाकीचं) झाकण, तिथे इन्सुलेशन नाही. सरळ पाइपला लॅगिंग (इन्सुलेशनचं वेष्टण) असतं, व्हॉल्व्हला नसतं, कारण मेंटेनन्सला काढावं लागतं. व्हॉल्व्हसाठी काढता-घालता येणारी जॅकेटं मिळतात, ती घ्या.

टाकीचं तापमान ६० च्या खाली आणून गॅस वाचवायचा मोह होतो. हॉस्पिटलमध्ये आणि हॉटेलात तो करू नका, कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेलाचे जंतू वाढतात. साठवण ६० ला ठेवा आणि नळाशी मिक्सिंग व्हॉल्व्हने कमी करा. पण ७५-८० ला ठेवलेलं असेल, जे पुष्कळ ठिकाणी "हिवाळ्यात कंप्लेंट आली होती" म्हणून ठेवलेलं असतं आणि मग उन्हाळ्यातही तसंच राहतं, ते जरूर खाली आणा.

बॉयलर

इथे चिमणीतला धूर तपासणारा फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझर लागतो. विकत घ्यायची गरज नाही, बर्नर सर्व्हिसवाला घेऊन येतो, फक्त तुम्ही समोर उभे राहा आणि प्रिंटआउट मागा. तीन आकडे हवेत: ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, आणि चिमणीतल्या धुराचं तापमान. हाय फायर आणि लो फायर (बर्नर पूर्ण आणि मंद) दोन्हीला घ्या.

नैसर्गिक गॅसच्या चांगल्या ट्यून केलेल्या बर्नरला धुरात ऑक्सिजन दोन ते तीन टक्के असतो. जादा हवा काढायची तर ऑक्सिजनला २१ वजा ऑक्सिजनने भागायचं. रीडिंग नऊ आलं तर नऊ भागिले बारा, ७५ टक्के जादा हवा. तेवढी हवा विनाकारण गरम होऊन चिमणीतून जाते. तीनवर आणलं तर जादा हवा १७ टक्क्यांवर येते. धुराचं तापमान २२० आणि बाहेर ३० असेल तर या एका ट्यूनिंगने साधारण साडेतीन टक्के गॅस वाचतो, स्क्रू ड्रायव्हरच्या कामात. मात्र हवा कमी करताना कार्बन मोनॉक्साइड बघतच राहायचं, तो शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भागांच्या) वर चढायला लागला की थांबा. फक्त ऑक्सिजन बघून ट्यूनिंग करणारा माणूस पुढच्या वेळी बोलावू नका.

धुराचं तापमान हा बॉयलरचा ताप आहे असं समजा. स्वच्छ असताना किती होतं ते लिहून ठेवा, महिन्यागणिक वाढत गेलं तर आत क्षार धरलाय. धुराचं तापमान २२ अंशांनी वाढलं की एफिशियन्सी एक टक्का जाते हा ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या (बीईई) पुस्तकांतला ठोकताळा आहे. टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत सॉफ्टनर (पाण्यातला क्षार काढणारं यंत्र) नीट रिजनरेट होतोय का, म्हणजे मिठाने परत ताजा होतोय का, हे बघणं म्हणजे गॅस वाचवणंच. सॉफ्टनरच्या मिठाचं बिल कमी दिसलं म्हणून खूश होणारे मॅनेजर असतात, त्यांना हा आकडा दाखवा.

स्टीम असेल तर ट्रॅप (वाफ अडवून पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) बघा आणि कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) कुठे जातं ते बघा. लाँड्रीच्या मागे गटारातून वाफ निघताना दिसली की समजायचं तापलेलं, शुद्ध केलेलं पाणी सोडून देताय. फीड वॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) सहा अंशांनी गरम मिळालं तर एक टक्का गॅस वाचतो. मेकअप (वरून घातलेलं ताजं पाणी) २८ अंशांचं आहे आणि निम्मं कंडेन्सेट ८५ ला परत आणलं तर फीड ५६ च्या आसपास येतं, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या वर बचत. आणि सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल तर तासाला २५-३० किलो वाफ जाते, तासाला दोन-अडीच एससीएम. चोवीस तास चालली तर ५०-६०. फिस्स आवाज येतो तिथे लगेच खडूने खूण करा.

नवीन बॉयलरचा सेल्समन ९८ टक्के एफिशियन्सी सांगेल. त्याला एकच प्रश्न विचारा, ग्रॉसवर की नेटवर? गॅस जळताना पाण्याची भरपूर वाफ तयार होते, तिच्यात जाणारी उष्णता नेटमध्ये धरतच नाहीत. नेटवरचे ९८ म्हणजे ग्रॉसवर साधारण ८८. तुमच्या जुन्या बॉयलरची एफिशियन्सी ग्रॉसवर काढलेली ८० असेल आणि त्याची नेटवर ९८, तर तुलना खोटी आहे. कंडेन्सिंग बॉयलर चांगलेच असतात, पण धूर ५५ अंशांच्या खाली गार झाला तरच ती वाफ परत पाणी होऊन उष्णता देते. थेट २५ अंशांचं ताजं पाणी तापवत असाल तर फायदा पुरेपूर मिळतो, ७० अंशांचं रिटर्न पाणी परत तापवत असाल तर जास्तीचे पैसे पाण्यात.

सोलर किंवा हीट पंप (हवेतली उष्णता पाण्यात आणणारं विजेचं यंत्र) लावावा का, हे गरम पाण्याचे खरे लिटर कळल्याशिवाय ठरवू नका. हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो, हे खरं. एक एससीएममधून मिळणारे ७,५०० किलोकॅलरी म्हणजे जवळपास पावणेनऊ युनिट उष्णता, म्हणजे हीट पंपाला सुमारे तीन युनिट वीज. तुमचा गॅसचा दर आणि विजेचा दर घाला, उत्तर समोर येईल.

किचन

पातेल्यांची बुडं बघा. नैसर्गिक गॅस नीट जळला तर काजळी धरत नाही. बुडं काळी असतील, ज्वाला पिवळी असेल, तर हवा कमी पडतेय किंवा जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोक) चुकीचा आहे. पीएनजीत आकारमानामागे ऊर्जा एलपीजीपेक्षा कमी असते, म्हणून पाइपवर आल्यावर जेट मोठा लागतो. बऱ्याच ठिकाणी तेव्हा घाईत जुनाच जेट हाताने ड्रिल करून मोठा केलाय. भोक वेडंवाकडं असतं, ज्वाला एका बाजूला जाते. योग्य जेट काही फार महाग नाही, सगळे बदलून घ्या.

बर्नर किती चांगला आहे हे तपासायला पाण्याची टेस्ट करा. दुपारी जेवणं संपल्यावर, बाकी सगळं बंद असताना, २० लिटर पाणी मोजून पातेल्यात घ्या, झाकण ठेवा, तापमान लिहा, मीटरचा फोटो काढा, पेटवा, ९० अंशाला बंद करा (उकळू देऊ नका, वाफेचा हिशोब गडबडतो), परत फोटो. पाणी २७ वरून ९० वर गेलं तर १,२६० किलोकॅलरी पाण्यात गेल्या. मीटरप्रमाणे ०.३० एससीएम गेला असेल तर २,८२०. भागाकार ४५ टक्के. मग हेच दुसऱ्या बर्नरवर, त्याच पातेल्याने. आकडा अचूक किती यापेक्षा एकाच किचनमधल्या दोन सारख्या बर्नरमध्ये किती फरक आहे ते बघा, तिथेच खराब बर्नर सापडतो.

चायनीज रेंज दोन ऑर्डरच्या मधे फुल चालू असते, कढई बाजूला आणि ज्वाला हवेत. गुडघ्याने दाबायचा व्हॉल्व्ह असलेली रेंज येते, दाबलं की फुल, सोडलं की पायलट. नवीन रेंज घेताना हीच घ्या. तंदूर दुपारी तीन ते सहा बंद ठेवला तर संध्याकाळी परत तापायला किती वेळ आणि किती गॅस लागतो हे एकदा मोजून मग ठरवा, अंदाजाने उस्तादाशी वाद घालू नका, त्याला त्याचं काम तुमच्यापेक्षा जास्त कळतं आणि मोजलेला आकडा दाखवला की तो ऐकतो.

डाळ, छोले, मिसळीचा कट हे उघड्या पातेल्यात तासन्‌तास उकळतात. उकळी आल्यावर ज्वाला मोठी ठेवून काहीही लवकर शिजत नाही, पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते आणि एक्झॉस्टवर भार पडतो. झाकण, आदल्या रात्री भिजवणं, आणि मोठे प्रेशर कुकर, बस.

रिपोर्ट आणि नंतर

रिपोर्ट चार पानांचा पुरे. प्रत्येक कामापुढे वर्षाला वाचणारा एससीएम, रुपये, खर्च, आणि कोण करणार त्याचं नाव. बिनखर्चाची कामं आधी करा, मग महिनाभर परत रीडिंग घ्या, मग नवीन ग्राफ काढा आणि मगच मोठ्या मशिनची साइझ ठरवा. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी बॉयलर घेतला आणि मग पाइप इन्सुलेट केले, तर बॉयलर गरजेपेक्षा मोठा निघतो आणि आयुष्यभर चालू-बंद चालू-बंद करत बसतो.

बचत मोजताना नुसतं बिल बघू नका. धंदा वाढला तर बिल वाढणारच. जुन्या ग्राफवरून "एवढ्या प्लेटना एवढा गॅस गेला असता" हे काढा आणि त्यातून प्रत्यक्ष गेलेला वजा करा. किचन, लाँड्री, बॉयलर तिघांना वेगळे सबमीटर बसवता आले तर फार बरं, पण ते मेन मीटरनंतरच्या आपल्या लाइनवर आणि परवानगी असलेल्या प्लंबरकडूनच.

बाहेरचा ऑडिटर बोलवायचा असेल तर बीईईची परीक्षा पास झालेला सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर बघा. केंद्राच्या २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ही व्यवस्था आली आणि महाराष्ट्रात त्याचं काम महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था) बघते, मुख्य ऑफिस पुण्यातच आहे, तिथे चौकशी करता येते. ऑर्डर देतानाच लिहून घ्या: रात्रीचं मीटर रीडिंग तो स्वतः घेईल, अ‍ॅनालायझरचं चालू कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवेल, सगळ्या एफिशियन्सी ग्रॉसवर देईल, आणि कच्च्या रीडिंगची शीट रिपोर्टबरोबर जोडेल. रात्री यायला जो तयार नाही त्याला काम देऊ नका.